उघडलंच आहे तर

विजेच्या बिलाच्या पाठीवर मी यादी केली होती.
एकूण अकरा कामं, पुढे अंदाजे रक्कम,
ती मात्र पेन्सिलनं.
जिनिंगच्या काट्यावर एकतीस वर्षं काढली,
कापसातलं पाणी हाताला कळायचं,
तर एका फियाटची कामं ओळीत लावता येऊ नयेत?

पहिला नंबर दिला होता रंगाला.
प्रयाग म्हणाली, रंग काय चाटायचाय?
काच आधी.
डावी काच एकदा खाली गेली
की पकडीनं वर ओढावी लागते,
आणि लेकीकडे जाताना वसमत रोडची सगळी धूळ
बिनतिकिटाची मांडीवर बसून येते.

जिंतूर रोडला खाजामियाँनी बिल हातात घेतलं,
उलटं धरलं, मग सुलटं,
मग हात लांब करून.
"साब, रुकना पैले. भागना बाद में."
म्हणजे ब्रेक.
लायनर रिबिटापर्यंत झिजलेले, मागचा सिलिंडर ओला.
माझा रंग त्यांनी अंगठ्याच्या नखानं खोडला.
कागद फाटता फाटता राहिला.

मग मला कळलं ते असं:
काम लहानमोठं नसतं, वरचं आणि आतलं असतं.
क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवायचाच
तर मागचं ऑइल सील त्याच दिवशी.
साठ रुपयांची रबराची चकती,
पण नंतर आठवली तर तीच मजुरी पुन्हा,
पुन्हा दोन दिवस पोट उघडं टाकून गाडी लिंबाखाली.
रेडिएटर काढला की पाण्याचा पंप बघायचा,
पंप निघाला की पट्टा, पट्ट्याबरोबर पायपा.
"उघडलंच आहे तर"
या तीन शब्दांनी अकरा कामांचे चार गठ्ठे झाले.
एफडीचं व्याज येतं तिमाहीला.
एका व्याजाला एक गठ्ठा. हिशेब जमला.

ब्रेक झाले.
गाडी पहिल्यांदाच मी म्हणेन तिथं थांबली,
मोंढ्याच्या कमानीपाशी,
एका बकरीच्या चार बोटं अलीकडे.

दुसऱ्या गठ्ठ्याचे पैसे घेऊन गेलो
तर क्रम फिरलेला.
शेवटचा कार्बोरेटर वर. पॉइंट वर. वायरिंग वर.
क्लच पार खाली.
मी काट्यावरचा माणूस, विचारलं.
खाजामियाँ बॉनेटमध्ये वाकलेलेच राहिले.
पाना पुसता पुसता मुंजाजी बोलला,
"चाचाच्या डोळ्याचं हाय. दिवाळी झाली की जालन्याला.
एक गेल्यातच जमा हाय.
दुसऱ्याचं डाक्टर बी नीट सांगंना."

असं होतं ते.
जेटचं भोक, केसानं साफ करायचं.
पॉइंटमधली फट, लग्नपत्रिकेच्या जाडीची.
निळी वायर कुठली
आणि तेलानं काळी पडलेली लाल कुठली.
ही डोळ्याची कामं. ती आधी.
क्लच हाताचा.
टॅपेट कानाचे.
"वो तो मैं अंधेरे में बी करतूं."

मी बिल मागून घेतलं. म्हटलं, जालन्याला मी नेतो तुम्हाला,
सेलूत चहा, परतूरला पाणी,
अकरापर्यंत पोचू.
ते सरळ झाले. कमरेवर हात ठेवून
गाडीकडे बघितलं,
पुढून मागेपर्यंत, सावकाश, एका डोळ्यानं.
"इस में? नक्को साब. मैं रेल से जातूं."
मुंजाजी इतका हसला की पाना पडला.
मी हसलो नाही.

मग बराच वेळ कार्बोरेटरच्या झाकणातला कचरा
ते फुंकरीनं उडवत बसले.
फुंकर थांबवून म्हणाले,
एकशे दहा किलोमीटर म्हणजे
ये रेडिएटर तो सेलू बी नै देखता.
हात पुढे केला. बिल दिलं.
बोटानं ओळी मोजत खाली आले,
रेडिएटरवर थांबले,
आणि तिथून वर एक लांब रेघ ओढली नखानं,
पॉइंटच्या खाली, क्लचच्या वर.

घरी येऊन नव्या बिलावर यादी उतरवली. पेनानं.
काच पुन्हा एक जागा खाली गेलीय.
प्रयागला अजून सांगितलेलं नाही.